मुरण्याची मुदत

न्यू जर्सीतील एडिसन येथे माझ्या मावसभावाचे चिरंजीव राहतात, आणि त्यांच्या घराच्या तळघरात, जेथे शेजारचे गृहस्थ जुनी खोकी, बर्फ लोटायची फावडी आणि मुलांच्या मोडक्या सायकली ठेवतात, तेथे त्यांच्या पत्नीने मेणबत्त्यांचा एक लहानसा कारखाना थाटला आहे, ही वार्ता मला आधीच कळली होती. परंतु नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी तेथे पोहोचलो तेव्हा मेणाच्या पातेल्याशेजारी एक वादही दोन दिवस मंद आचेवर रटरटत ठेवलेला असेल, याची मला कल्पना नव्हती.

वादाचे पक्षकार दोन. एक आमचे नाना, म्हणजे माझे मावसभाऊ, ज्यांनी मुंबईतल्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काढली आणि जे आता पाहुणे म्हणून सहा महिन्यांच्या सरकारी मुदतीवर मुलाकडे आले होते. दुसरी त्यांची सून, मूळची सांगलीची, पेशाने हिशेबनीस, आणि म्हणून प्रत्येक गोष्ट तारीखवार लिहून ठेवण्याची जिला जन्मजात खोड आहे. तळघराच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर तीन इंच रुंदीचे काचेचे पेले ओळीने मांडले होते. प्रत्येकाच्या बुडाला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ओतल्याची तारीख, वातीचा नंबर व सुगंधी तेलाचे शेकडा प्रमाण. एखाद्या मामलेदाराच्या दप्तरातही इतकी शिस्त मी क्वचितच पाहिली असेल.

तंटा होता तो वाळ्याच्या वासाच्या एका नव्या मेणबत्तीवरून. ती गुरुवारी ओतली होती. नानांचे म्हणणे, ती आजच लावून पाहावी. सुनेचे म्हणणे, चौदा दिवस पुरे झाल्याखेरीज तिला काडी लावायची नाही.

"पण चौदाच का?" नानांनी मला साक्षीदार करीत विचारले. "तेरा का नाहीत, सतरा का नाहीत? पंचांगातला पक्ष पंधरवड्याचा असतो म्हणून मेणानंही पंधरवडा पाळावा, असा काही शिरस्ता आहे की काय?"

"नाना, हे मेण सोयाबीनचं आहे," सून शांतपणे म्हणाली. "पॅराफिन असतं तर तीन ते पाच दिवस पुरले असते. सोयाबीनच्या मेणाला दोन आठवडे द्यावेत, असं ते विकणारेच सांगतात, आणि चार वर्षांत माझाही तोच अनुभव आहे. काका, लोणचं घातलं की आपण दुसऱ्या दिवशी बरणी उघडतो का? मुरू देतोच ना?"

लोणच्याचा दाखला निघाला आणि नाना सरसावून बसले.

"लोणचं का मुरतं ते मला ठाऊक आहे. मीठ फोडीत शिरतं, फोडीतलं पाणी बाहेर येतं, मोहरीचा तिखटपणा त्या पाण्यात उतरतो. कोण कुणात शिरलं, याचा चोख जबाब तिथं मिळतो. आता तुझ्या मेणात कोण कुणात शिरतं ते सांग. वितळलेल्या मेणात तू तेल घातलंस, ढवळलंस, ते मिसळलं. गार झाल्यावर ते मेणाच्या कणांमध्ये अडकून बसलं. मेण आणि तेल यांचा काही रासायनिक विवाह होत नाही, आणि होत असता तर मग तो वास मेण सोडून नाकात आला तरी कशाला असता?"

या प्रश्नाला सुनेपाशी उत्तर नव्हते हे मी पाहिले, आणि माझ्या मनात कनोजच्या अत्तराच्या कुप्प्या आल्या. ते अत्तर चामड्याच्या कुप्पीत महिनोन् महिने ठेवतात, कारण त्यातला ओलावा चामड्यातून हळूहळू निघून जातो आणि अत्तर तेवढे मागे राहते. म्हणजे तेथेही मुरण्याला कारण आहे आणि ते दाखवता येते. नानांची तक्रार प्रतीक्षेविरुद्ध नसून निष्कारण प्रतीक्षेविरुद्ध होती. आमच्या भाषेने मात्र ‘मुरणे’ या एका क्रियापदात लोणचे, मुरांबा, जमिनीत जिरलेले पाणी आणि मुरलेला राजकारणी या सर्वांची सोय करून ठेवल्यामुळे, हा शब्द उच्चारला की कारण विचारण्याचे कुणाला सुचत नाही, हेही तितकेच खरे.

येथे एक खुलासा करणे प्राप्त आहे, कारण मेणबत्ती जाळून पाहणे म्हणजे काय याची मलाही त्या दिवसापर्यंत कल्पना नव्हती. वात पाव इंचावर कापायची, मेणबत्ती चार तास जळू द्यायची, विझवायची, पूर्ण गार झाली की पुन्हा वात कापून पुन्हा चार तास. असे पेला संपेपर्यंत फेरे करायचे, आणि दर फेऱ्यात वितळलेल्या मेणाचे तळे किती रुंद झाले, काजळी धरली काय, काच किती तापली, याची नोंद ठेवायची. रुंदीच्या दर इंचाला सुमारे एक तास असा ढोबळ हिशेब आहे. वात दुबळी असली तर ती मधोमध विहीर खणत खाली जाते आणि कडेचे मेण तसेच उभे राहते. वात जबरदस्त असली तर ज्योत उंच होते, काजळी उडते आणि काच चटका देऊ लागते. अमेरिकेतली घरे बहुतेक लाकडी सांगाड्याची असल्यामुळे हा प्रकार तेथे गमतीचा समजत नाहीत. वातीच्या गाभ्यात शिसे घालण्यासही त्या देशाच्या सरकारने २००३ साली बंदी केली. तेव्हा सून जी एवढी रुजुवात करते ती हौस म्हणून नव्हे. तिच्या पेल्याची ज्योत उद्या कुणा परक्याच्या पडद्याशेजारी जळणार असते.

"पहिल्या वर्षी मी नानांसारखीच घाई केली," ती सांगू लागली. "दुसऱ्याच दिवशी लावून पाहिली. ज्योत मोठी वाटली, तळं तासाभरात काचेला भिडलं. म्हणून एक नंबर लहान वात घेतली, ती ताज्या मेणात नीट जळली, आणि तीस पेले ओतले. तीन आठवड्यांनी एका मैत्रिणीकडे गेले, तर तिच्या टेबलावर माझीच मेणबत्ती मधोमध विहीर खणत बसलेली, आणि वात आपल्याच मेणात बुडून विझायच्या बेतात. तीच वात, तेच मेण, तोच पेला. मधे गेले ते फक्त तीन आठवडे. मग मेण बदललं नाही असं कसं म्हणायचं?"

नाना काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी फळीवरचा एक पेला उचलला, दिव्याखाली तिरका धरला, आणि मेणाच्या पाठीवर उमटलेली पांढुरकी, बुरशीसारखी दिसणारी नक्षी मला दाखविली. सून तिला ‘फ्रॉस्टिंग’ म्हणते आणि तिच्यावर चिडते. नानांच्या चेहऱ्यावर मात्र जुना सोबती भेटल्याचा भाव होता.

"हा रवा आहे," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत देतो, कारण ते सांगताना नाना मुंबईच्या कारखान्यात इतके दूर निघून गेले की मधूनमधून त्यांना परत आणावे लागत होते. सोयाबीनचे मेण म्हणजे दुसरे तिसरे काही नसून सोयाबीनचे तेलच आहे. निकेलच्या सान्निध्यात त्यात हायड्रोजन भरला की तेल घट्ट होते, आणि ही विद्या विल्हेल्म नॉर्मान नावाच्या जर्मन रसायनज्ञाने १९०२ साली पेटंट करून घेतली. तिचा पहिला मोठा बाजार अमेरिकेत मांडला तो सिनसिनाटीच्या प्रॉक्टर आणि गँबल यांच्या कंपनीने, १९११ साली, सरकीच्या तेलापासून केलेल्या क्रिस्को या स्वयंपाकाच्या स्निग्धाने. आणि गंमत अशी की ही कंपनी १८३७ साली निघाली तेव्हा त्यांतला प्रॉक्टर हा मेणबत्त्या करणारा आणि गँबल हा साबण करणारा होता. विजेचे दिवे आले, मेणबत्तीचे गिऱ्हाईक ओसरले, आणि कधी काळी मेणबत्तीवर जगणारी कंपनी घट्ट केलेले तेल विकू लागली. तीच विद्या आमच्याकडे आली आणि १९३७ साली डालडा बाजारात उतरला. पुढे १९९०नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावी मायकेल रिचर्ड्स नावाच्या गृहस्थाने, मधमाश्यांचे मेण महाग पडते म्हणून स्वस्त पर्याय शोधताना, त्याच घट्ट केलेल्या तेलाची मेणबत्ती केली. मेणबत्तीवाल्याने सोडलेली वाट अशी ऐंशी वर्षांनी पुन्हा मेणबत्तीला येऊन मिळाली, आणि तिच्या अलीकडच्या टोकाला वनस्पती तुपाचे एक निवृत्त रसायनज्ञ आपल्या सुनेशी भांडत उभे होते.

"आमच्याकडे डबे भरले की लगेच बाजारात जात नसत," नाना म्हणाले. "ठरावीक उष्णतेच्या खोलीत ठेवावे लागत, तरच आत रवाळ दाणा धरायचा. गिऱ्हाइकाला साजूक तुपासारखा दाणा दिसला नाही तर तो डबा परत आणी. स्निग्ध पदार्थ गोठतो तेव्हा त्याचे रेणू प्रथम जसे जमेल तसे, गर्दीत लोक उभे राहावेत तसे, उभे राहतात. त्या रचनेला अल्फा म्हणतात. ती सैल, लवकर वितळणारी. मग ते हळूहळू सरकून नीट रांगा धरतात, आधी बीटा-प्राइम, मग बीटा. रांग जितकी घट्ट तितकं वितळायला उष्णता जास्त. सोयाबीनच्या तेलातले रेणू बहुतेक एकाच लांबीचे, त्यामुळे त्यांचा ओढा शेवटच्या रचनेकडे. चॉकलेटवर पांढरी बुरशी दिसते ना, ती बुरशी नव्हे, हाच उद्योग."

"म्हणजे मेण मुरतं!" सून उद्गारली.

"मुरत नाही. रवा धरतं."

"नाना, मी तेच म्हणतेय."

"तू ते म्हणत नाहीस. तू म्हणतेस वास मुरतो. मी म्हणतो, मेण घट्ट होतं, आणि म्हणून ज्योतीला ते वितळवायला जड जातं. तुझ्या मैत्रिणीकडची विहीर मला मान्य आहे. वासाचा दावा मला मान्य नाही."

आता मला नानांच्या कबुलीत एक अडचण दिसली, आणि पाहुण्याने मध्ये बोलू नये हा संकेत मोडून मी ती मांडली. मेण दिवसेंदिवस घट्ट होते हे कबूल, तर मग दुसऱ्या दिवशीची चाचणी खोटीच ठरणार. नाना कशाच्या आधारावर आजच काडी मागतात?

या प्रश्नावर नानांनी जे उत्तर दिले ते त्या दिवसातले मला सर्वांत चोख वाटले. "नवं मेण मऊ असतं," ते म्हणाले. "त्या मऊ मेणातही जी वात काचेपर्यंत पोहोचत नाही ती चौदा दिवसांनी कडक झालेल्या मेणात कशी पोहोचेल? तिला आजच नापास करता येतं. पास करता येत नाही, हे खरं. मोठी दिसणारी वात पुढे बरोबर ठरू शकते, तिचा निकाल तहकूब ठेव. पण दुबळ्या वातीला चौदा दिवस कोठडीत ठेवून मग तिला दुबळी म्हणायचं, हा कुठला न्याय?"

सुनेने वही ओढली आणि हे लिहून घेतले. चार वर्षांत तिने किती दुबळ्या वातींना पंधरवडाभर पोसले याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

राहिला वास. येथे मात्र दोघेही माघार घेईनात. सुनेचे म्हणणे, ताज्या मेणबत्तीला न पेटवता भरपूर वास येतो, पण पेटवल्यावर तो खोलीत पसरत नाही. दोन आठवड्यांनी तीच मेणबत्ती खोली भरून टाकते. नानांचे म्हणणे, जी व्यक्ती दिवसभर सुगंधी तेलांत बसते तिच्या नाकाची साक्ष कोणत्याही न्यायासनासमोर टिकणार नाही, आणि शिवाय आज लावलेल्या मेणबत्तीचा वास दोन आठवड्यांपूर्वीच्या आठवणीशी ताडून पाहणे हा पुरावा नसून कीर्तन आहे. जे जळते त्याचेही माप असते, ते म्हणाले. लंडनच्या १८६०च्या गॅसच्या कायद्याने प्रकाशाचे प्रमाण ठरविले तेव्हा मेणबत्ती कशाची, तर शुद्ध व्हेलच्या मेणाची, एका पौंडात सहा बसतील अशी, आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास जळणारी, इतका तपशील त्यात घालावा लागला. "आणि तू म्हणतेस, खोली भरते. किती भरते? कोणती खोली?"

सुदैवाने फळीवर दाद मागण्याची सोय होती. सून एकच चाफ्याचा वास, शेकडा आठ प्रमाणात, एकाच नंबरच्या वातीसह वरचेवर ओतीत असते; त्यामुळे त्या दिवशी एक, तीन, आठ, पंधरा आणि बावीस दिवसांचे पाच पेले एकाच वेळी हाताशी होते. वेगवेगळ्या दिवशी ओतलेले आणि एकाच संध्याकाळी जाळलेले, म्हणजे आठवणीवर विसंबायला नको. नानांनी चिठ्ठ्यांवर कागद चिकटवून अक्षरे लिहिली. परीक्षक दोन नेमले, मी आणि बारा वर्षांची नात, कारण दोघांचीही नाके कारखान्याबाहेरची. पाच पेले पाच बंद खोल्यांत लावायचे होते. अमेरिकन घरात तीन न्हाणीघरे असतात या गोष्टीचा उपयोग मला त्या दिवशी प्रथम कळला. चौथा कपडे धुण्याच्या खोलीत गेला आणि पाचवा नानांच्या निजण्याच्या खोलीत, आणि जळत्या ज्योतीवर नजर ठेवण्यासाठी सून व तिचा नवरा दर पाच मिनिटांनी गस्त घालीत राहिले.

वासाचा निकाल लागला नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. मी आठ दिवसांच्या पेल्याला पहिला नंबर दिला, नातीने बावीस दिवसांच्या. एका दिवसाचा पेला आम्हा दोघांनाही सर्वांत फिका वाटला तेव्हा सून हसली. पण तो होता कपडे धुण्याच्या खोलीत, जी सर्वांत मोठी आणि साबणाच्या वासाने आधीच भारलेली, हे चिठ्ठ्या उघडताच नानांनी दाखवून दिले, आणि मग हेही कबूल केले की खोल्या समान नसताना प्रयोग मांडला ही चूक त्यांचीच. "आजोबा, तुम्ही सायंटिस्ट होता ना?" असे नातीने विचारले, त्यावर ते काही बोलले नाहीत.

ज्योतीने मात्र साक्ष दिली. तीन तासांनी पाचही पेले स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून पट्टीने मोजले, तेव्हा एक आणि तीन दिवसांच्या पेल्यांत तळे काचेला सर्व बाजूंनी भिडलेले होते. आठ दिवसांच्यात एका बाजूला नखाएवढी कडा राहिली होती. पंधरा आणि बावीस दिवसांच्यांत चहूकडून बोटाच्या अर्ध्या रुंदीची कडा उभी होती, आणि त्या दोहोंत डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता.

"पंधरा आणि बावीस सारखे," सून म्हणाली. "म्हणजे माझे दोन आठवडे बरोबर."

"एकेका पेल्यावरून निवाडा होत नसतो," नाना म्हणाले. "प्रत्येक वयाचे निदान तीन तरी हवेत." पण त्यांच्या आवाजात मघाची धार नव्हती, आणि पट्टी त्यांनी पुन्हा एकदा पंधराव्या दिवसाच्या पेल्यावर ठेवून पाहिली.

मग सून सहज बोलल्यासारखी जे बोलली त्याकडे नानांचे लक्ष गेले की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण ते पट्टीवरचे मेण नखाने खरवडत होते. "खरं सांगू का काका, मेण किती दिवसांनी तयार होतं हा प्रश्नच मला पडत नाही. माझी मेणबत्ती लोक लावतात कधी? दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमात घेतलेली थँक्सगिव्हिंगला. नाताळच्या बाजारात घेतलेली जानेवारीत, बर्फात अडकले म्हणजे. एक दिवसाची मेणबत्ती जगात कुणीच जाळत नाही. मी ती जाळून पाहिली तर माझी परीक्षा कुणाच्या उपयोगाची? माणसं जी जाळणार तीच मला जाळून पाहायला हवी."

मला हे म्हणणे रसायनशास्त्राहून सरळ वाटले. नाना ज्या मुदतीचे कारण मेणाच्या आत शोधीत होते ते तिने बाहेर, गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या जेवणाच्या टेबलावर शोधले होते. आणि उद्या कुणी असे मेण काढले की जे एका रात्रीत आपला सगळा रवा धरून मोकळे होईल, तरी या हिशेबाने तिचा पेला फळीवर तितकेच दिवस बसेल. वासाच्या बाबतीत माझे मत विचाराल तर मी नानांच्या बाजूचा आहे. दोन आठवड्यांनी वास वाढतो असे सांगणारी नाके पुष्कळ आहेत, परंतु त्यांतली बहुतेक आपल्याच मेणबत्तीची आहेत.

जेवणे झाल्यावर नाना पुन्हा तळघरात उतरले, आणि काही वेळाने आम्हीही गेलो. ते वाळ्याच्या पेल्यासमोर उभे होते. काडीपेटी हातात होती, पण काडी ओढलेली नव्हती.

"ही दुबळी आहे का ते आज कळेल," ते म्हणाले. "पण एकच पेला आहे. जाळला तर चौदाव्या दिवशी काय जाळायचं?"

"आणखी ओतते," सून म्हणाली. "दोन नंबरच्या वाती घेऊ. प्रत्येकीचे तीन-तीन."

नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवले आणि दिवस मोजले. त्यांच्या सहा महिन्यांच्या मुदतीतले आता फार थोडे उरले होते. विमान दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी होते. आज शनिवार. त्यांनी बोट पुन्हा मागे आणून पुन्हा मोजले.

"मग आजच ओत," ते म्हणाले. "रात्री बाराच्या आत. आणि चौदा दिवस पुरे होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

सुनेने काही न बोलता शेगडी पेटवली. नानांनी काडीपेटी खिशात घातली, तराजूवरची धूळ फुंकली, आणि सहा कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन त्यांच्यावर तारीख घालायला बसले.